सुजलेल्या पिशवीचा पूर्वपक्ष

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, बराच वेळ बसून उठले की पहिली चार पावले लंगडत पडतात. बहुधा चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली बाई असते. डॉक्टर बाजूच्या हाडावर बोट दाबतात, ती कळवळते आणि निदान ठरते: बर्सायटिस. पुढचे सारे ओघाने येते. हाडावरची पिशवी सुजली आहे असे तिला सांगितले जाते. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, पंधरा दिवस विश्रांती, फिरणे बंद, जिने बंद, खाली बसणे बंद. त्याने भागले नाही तर त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि जोडीला मांडीची बाहेरची बाजू ताणणारे एकदोन व्यायाम.

या उपचारक्रमावर फारसे कोणी भांडत नाही. तो सुटसुटीत आहे, रुग्णाला चटकन समजतो, आणि इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत बाई हसतमुखाने परत येते. तरीही बहुतेकींच्या बाबतीत तो चुकलेला आहे असे माझे म्हणणे आहे. दुखणे खरे आहे आणि जागाही तीच आहे. पण मूळ बिघाड पिशवीत नाही. तो पिशवीखाली हाडाला येऊन चिकटणाऱ्या कंडरांत आहे. तो दाहापेक्षा झिजेचा जास्त आहे, आणि झिजलेल्या कंडरेला विश्रांतीने बळ येत नाही, मोजून दिलेल्या भाराने येते.

खंडन करायचे तर आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नेटके मांडावे, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त. ती पाळू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला एक ठळक उंचवटा असतो. पँटच्या खिशात हात घातला की तळव्याला लागतो तो. वैद्यकात त्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात. त्याच्यावरून कुल्ल्याचा सर्वांत मोठा स्नायू आणि मांडीच्या बाहेरच्या कडेने गुडघ्याखालपर्यंत उतरणारा जाड पट्टा, म्हणजे आयटी बँड, पुढे-मागे सरकत असतात. हाडाशी घासाघीस होऊ नये म्हणून मध्ये एक चपटी, आतून बुळबुळीत पिशवी असते, ती बर्सा. पूर्वपक्ष म्हणतो, घर्षण वाढले की पिशवी चिडणार, चिडली की सुजणार, सुजली की दुखणार. गुडघे टेकून फरशी बसवणाऱ्याच्या गुडघ्यावरची पिशवी सुजलेली डोळ्यांना दिसते, कोपरावरचीही दिसते. मग खुब्यावरचीच का सुजू नये? शिवाय बोट दाबले की कळ नेमकी तिथेच येते. आणि सर्वांत बळकट पुरावा असा, की दाह शमवणारे औषध त्या पिशवीत सोडले की दुखणे थांबते. आणखी काय हवे?

शेवटच्या युक्तिवादापासूनच सुरुवात करावी, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. स्टेरॉइडने आराम पडला, म्हणून तिथे दाह होता. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जिथे साध्य नाही तिथेही तो सापडतो. टेनिस एल्बोचे उदाहरण घ्या. कोपराच्या त्या दुखण्यातली कंडरा १९७० च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली आहे. तिथे दाहाच्या पेशींची गर्दी दिसत नाही. विस्कटलेले तंतू आणि अर्धवट, फसलेली डागडुजी दिसते. तरीही तिथे स्टेरॉइड टोचले की काही आठवडे छान आराम पडतो, आणि वर्षाअखेर हेच रुग्ण काहीच न टोचलेल्यांपेक्षा मागे राहतात, हे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या संशोधकांनी नीट तुलना करून दाखवले. म्हणजे आरामावरून औषधाने वेदना दाबली एवढेच सिद्ध होते. वेदना कशाची होती, ते सिद्ध होत नाही.

बोट दाबण्याचेही तसेच. त्या उंचवट्याला चार बाजू आहेत. पुढच्या बाजूला ग्लूटिअस मिनिमस या स्नायूची कंडरा चिकटते, बाहेरच्या आणि मागच्या-वरच्या बाजूला ग्लूटिअस मीडिअसची. उरलेल्या मागच्या बाजूवर मुख्य पिशवी पसरलेली असते आणि तिचा काही भाग मीडिअसच्या कंडरेवरही येतो. त्यावर कातडी, चरबी आणि तो जाड पट्टा. एवढ्या थरांवरून एक बोट दाबून खालच्या दोन पदार्थांपैकी कोणता ओरडतो आहे हे सांगता येईल, असे मानणे म्हणजे बोटावर फारच भिस्त ठेवणे झाले. या तपासणीचे मोल एमआरआयशी ताडून पाहिले गेले आहे. दाबून दुखत नसेल तर कंडरेचा बिघाड असण्याची शक्यता बरीच कमी होते. दुखत असेल तर मात्र त्यातून फार थोडे सिद्ध होते. त्यापेक्षा त्या पायावर ३० सेकंद उभे करावे. नेमकी ओळखीची कळ त्या अवधीत उठली तर ती जास्त बोलकी असते, कारण त्या वेळी काम पिशवी करत नसते, कंडरा करत असते.

आता प्रत्यक्षाकडे येऊ. टिम बंकर हे इंग्लंडमधले अस्थिशल्यविशारद. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना या उंचवट्यावरच्या कंडरा फाटलेल्या दिसू लागल्या. १९९७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा ५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या ११ जणांत फाट होती. खांद्यातल्या ज्या कंडरा वयाबरोबर झिजून फाटतात आणि ज्यांना सारे रोटेटर कफ म्हणून ओळखतात, त्यांचा हा खुब्यातला जोडीदार, असे त्यांनी सुचवले. ही कल्पना मला फार मार्मिक वाटते. खांदा दुखला की आज कोणी सरसकट पिशवीला दोष देत नाही. खुब्याच्या बाबतीत मात्र आपण अजून जुन्याच पाठावर अडकलो आहोत.

२००१ साली बर्ड आणि सहकाऱ्यांनी हे दुखणे असलेल्या २४ स्त्रियांचे एमआरआय पाहिले. ग्लूटिअस मीडिअसच्या कंडरेत काही ना काही बिघाड त्यांतल्या २० जणींत होता; ११ जणींत तर ती फाटलेली होती. पिशवी फुगलेली आढळली फक्त दोघींत, आणि त्या दोघींतही कंडरा बिघडलेलीच होती. संख्या लहान आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून २०१३ चा फिलाडेल्फियाचा अभ्यास पाहावा. तिथे खुब्याच्या बाजूला दुखणाऱ्या ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफी तपासल्या गेल्या. पिशवी जाड किंवा फुगलेली होती सुमारे २० टक्के रुग्णांत. म्हणजे ज्या निदानावर पाचांतल्या पाचांना औषध दिले जाते, ते चौघांच्या बाबतीत चित्रात दिसतच नव्हते. कंडरेची झीज मात्र निम्म्यांत होती.

आणि ज्या थोड्यांत पिशवी जाड झालेली असते, तिच्यात तरी दाह असतो का? शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा पिशव्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा एक छोटा अभ्यास २००८ साली आला. दाहाच्या खुणा मिळाल्या नाहीत. ज्याला सूज म्हणायचे ते बऱ्याचदा शेजारच्या झिजणाऱ्या कंडरेमुळे झालेले जाडेपण असते.

इथे पूर्वपक्षाच्या हाती एक चांगले शस्त्र आहे, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अँजी फिअरन या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने अशा रुग्णांच्या पिशव्या आणि कंडरा दोन्ही तपासल्या. वेदनेचा संदेश वाहून नेणारे 'सबस्टन्स पी' हे रसायन रुग्णांच्या पिशवीत निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळले. कंडरेत तसा फरक आढळला नाही. म्हणजे कंडरा झिजते, पण ठणकते कदाचित पिशवीच. हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायची गरजही नाही. वेदना कोठून निघते आणि बिघाड कोठे सुरू होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पिशवी ठणकत असेलही. पण ती का ठणकते, याचे उत्तर तिच्या खालच्या कंडरेत आणि तिच्यावर पडणाऱ्या दाबात शोधावे लागते. ते न शोधता पिशवी बधिर केली तर कंडरा जिथल्या तिथेच राहते.

या दाबाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण उपचाराचे सारे रहस्य तिथे आहे.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी हवेतल्या पायाच्या बाजूने कंबर खाली कोसळू नये, म्हणून टेकलेल्या बाजूचे मीडिअस आणि मिनिमस हे दोन स्नायू तिला धरून ठेवतात. ते अशक्त असतील तर कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली वर्णन केलेली आणि अजूनही त्याच्याच नावाने ओळखली जाणारी खूण ती हीच. पुढे १९३५ मध्ये पाउवेल्स या दुसऱ्या जर्मनाने या सांध्याचे तरफेचे गणित मांडले. शरीराचे वजन सांध्यापासून दूर अंतरावर लोंबते, स्नायू मात्र सांध्याच्या अगदी जवळ ओढतो. त्यामुळे एका पायावर उभे राहताना या छोट्या स्नायूंना शरीराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढ द्यावी लागते, आणि सांध्यावर एकूण भार वजनाच्या सुमारे अडीच पट पडतो. हे दिवसातून हजारो वेळा घडते. कंडरा झिजते यात नवल नाही; इतक्या वर्षांनी झिजते याचेच नवल करावे.

पण नुसत्या ओढीने एवढे होत नाही. ओढीबरोबर दाब आला की कंडरा लवकर बिघडते. विहिरीच्या काठावरून पोहरा ओढणारा दोर मधल्या लांबीत तुटत नाही, दगडाच्या कडेला टेकतो तिथेच विरतो. या कंडरांचेही तसेच आहे. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की बाहेरचा तो जाड पट्टा ताणला जातो आणि कंडरेला व पिशवीला हाडावर दाबून धरतो. मृतदेहांवरच्या मोजणीत पाय सरळ असताना हा दाब ४ न्यूटन भरला, १० अंश आत गेल्यावर ३६ आणि ४० अंशांवर १०६. दहा अंश म्हणजे फार नव्हे. एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढून उभे राहिले की तेवढे सहज होते.

हा एक आकडा ध्यानात ठेवला की रूढ उपचारातल्या दोन गोष्टी उलट्या पडतात. पहिली, तो ताण देण्याचा व्यायाम. आयटी बँड आखडला आहे म्हणून पाय दुसऱ्या पायावरून ओलांडून न्यायचा आणि बाहेरची बाजू ताणायची, असे अजूनही अनेक ठिकाणी छापील कागदावर चित्रासह दिले जाते. म्हणजे ज्या स्थितीत दाब सर्वाधिक, नेमक्या त्याच स्थितीत दुखऱ्या कंडरेला अर्धा-अर्धा मिनिट ठेवायचे, तेही दिवसातून तीनदा. तो पट्टा इतका चिवट आहे की असल्या ताणाने त्याची लांबी फारशी बदलत नाही. दबते ती खालची कंडरा.

दुसरी, विश्रांती. पिशवीत दाह असता तर विश्रांती शहाणपणाची ठरली असती. कंडरेचा धर्म वेगळा आहे. ती तिच्यावर पडणाऱ्या भाराच्या मापाने घडते. भार काढून घेतला की ती आणि तिचा स्नायू दोन्ही दुबळे होतात. महिनाभर पाय जपलेली बाई बरे वाटते म्हणून पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढू लागते, तेव्हा जिना तेवढाच असतो आणि ताकद मात्र घटलेली असते. दुखणे परत येते. मग तिला सांगतात की पिशवी पुन्हा सुजली. एकदम वाढलेला भार वाईट हे खरेच आहे: वर्षभर खुर्चीवर बसून आषाढी वारीला थेट आळंदीपासून पायी निघालेल्याला खुबा धरला तर दोष वारीचा नाही, आधीच्या अकरा महिन्यांचा आहे. पण त्यावरचा उपाय भार टाळणे हा नसून तो पायरीपायरीने वाढवणे हा आहे.

आता मंडनाच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा. ब्रिस्बेन आणि मेलबर्न इथे ३५ ते ७० वर्षांच्या २०४ रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सगळ्यांचे दुखणे किमान तीन महिन्यांचे होते आणि कंडरेचा बिघाड एमआरआयने पक्का केलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला आठ आठवडे देखरेखीखाली व्यायाम आणि कंडरेवरचा दाब कसा टाळावा याचे शिक्षण. दुसऱ्याला एक स्टेरॉइड इंजेक्शन. तिसऱ्याला धीर आणि थोडी माहिती. आठ आठवड्यांनी 'बरीच सुधारणा आहे' असे म्हणणारे पहिल्या गटात ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८ टक्के आणि तिसऱ्यात २९ टक्के निघाले. म्हणजे इंजेक्शन ज्या काळात जिंकायला हवे, त्याच काळात ते हरले. वर्षभराने पहिल्या गटात ७९, दुसऱ्यात ५८ आणि तिसऱ्यात ५२. इंजेक्शन घेतलेले आणि नुसते थांबलेले यांच्यात फारसे अंतर उरले नव्हते. नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर झालेल्या २०११ च्या चाचणीतही हेच चित्र होते: तीन महिन्यांनी इंजेक्शनवाले पुढे, वर्षभराने दोन्ही गट सारखे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर या पुराव्यालाही दुसरी बाजू आहे. ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत वर्षाअखेर रुग्णांच्या एकंदर समाधानात व्यायामाचा गट पुढे होता. वेदनेच्या तीव्रतेच्या आकड्यात मात्र तो आणि इंजेक्शनचा गट यांत ठळक फरक उरला नव्हता. जर्मनीतल्या रोम्पे यांचा २००९ चा २२९ रुग्णांचा अभ्यास आमच्या बाजूने वारंवार उद्धृत होतो. त्यात महिन्याभराने इंजेक्शनवाल्यांपैकी ७५ टक्के आणि घरी व्यायाम करणाऱ्यांपैकी जेमतेम ७ टक्के समाधानी होते. पंधरा महिन्यांनी पारडे फिरून व्यायामवाले ८० आणि इंजेक्शनवाले ४८ झाले. आकडे देखणे आहेत. पण तिथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या घरच्या व्यायामांत मी वर ज्यांना नावे ठेवली ते ताणाचे व्यायामही होते. सोयीचे तेवढे उचलायचे असेल तर मग पूर्वपक्षाला दोष देण्यात अर्थ नाही.

कंडरावाद्यांच्या उत्साहालाही थोडा लगाम हवा. खुब्याच्या बाजूला काहीही न दुखणाऱ्यांचे एमआरआय पाहिले तरी त्या भागात बदल दिसतात. २००८ च्या एका पाहणीत असे बदल न दुखणाऱ्या खुब्यांपैकी ८८ टक्क्यांत होते. म्हणून 'एमआरआयमध्ये कंडरा खराब दिसते' एवढ्यावरून घाबरून जाणे हे 'पिशवी सुजली आहे' यावरून घाबरण्याइतकेच उथळ आहे. आपल्या शहरांत तर साध्या दुखण्याला आधी एमआरआय आणि मग डॉक्टर असा उलटा क्रम रूढ होतो आहे, त्याला हे खास लागू आहे. दुसरे असे की ऋतुनिवृत्तीनंतरच्या ९४ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत खास रचलेले व्यायाम आणि नावापुरते हलके व्यायाम यांच्यात एकंदरीत फरक पडला नाही. दोन्ही गट सुधारले, आणि दाब टाळण्याचे शिक्षण दोन्ही गटांना दिलेले होते. यावरून मला असे वाटते की अमुक एकाच व्यायामाची जादू नाही. उठण्या-बसण्याच्या सवयी बदलणे हा या उपचाराचा निम्म्याहून मोठा भाग असावा.

आणि सवयींच्या बाबतीत आपल्याकडचा सल्ला गमतीदार आहे. खुबा दुखला की पहिली बंदी येते ती मांडी घालून बसण्यावर. मांडी घालताना गुडघे बाहेर पडतात, पाय मध्यरेषेपासून दूर जातात; दाबाच्या हिशेबाने ही स्थिती वाईट म्हणता येत नाही. खुब्याच्या सांध्याचीच झीज असेल तर गोष्ट वेगळी. आणि जमिनीवरून उठताना त्रास होत असेल तर काही दिवस पाट किंवा खुर्ची घ्यावी, एवढेच. बंदी घालायचीच तर ती खुर्चीत पायावर पाय टाकून बसण्यावर घालावी. दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, एका कुल्ल्यावर रेलून भाजी निवडत बसण्यावर घालावी. ओट्यापाशी तासभर एकाच पायावर भार टाकून पोळ्या लाटण्यावर घालावी. नातवंडाला नेहमी त्याच कडेवर घेऊन, कंबर बाहेर काढून उभे राहण्यावर घालावी. यांतल्या प्रत्येक स्थितीत तोच पट्टा त्याच कंडरेला दाबतो. रात्री दुखऱ्या कुशीवर झोपू नये हे सर्वजण सांगतात. दुसऱ्या कुशीवर झोपल्यावर वरचा, दुखरा पाय पुढे आत लोंबतो आणि तेव्हाही दाब पडतो, हे फार थोडे सांगतात. गुडघ्यांमध्ये एक भरदार उशी घेतली की तो सुटतो.

व्यायामांचे सांगायचे तर ते दिसायला अगदी साधे आहेत. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे. ते जमले की एका पायावर उचलणे. खुर्चीवर हळूहळू बसून उठणे. रबरी पट्टा लावून बाजूला पावले टाकणे. पुढे पायरीवर चढ-उतार. करताना थोडे दुखले तरी चालते. त्या रात्री दुखणे वाढले नाही आणि सकाळी नेहमीइतकेच राहिले, की भार योग्य होता असे समजावे. 'दुखेल ते करू नका' हा सल्ला इथे अपाय करतो. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि हे पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. एक पाय आखूड आहे म्हणून चपलेत टाच उंच करून देणाऱ्यांविषयी थोडक्यात: पायांच्या लांबीतला फरक आणि हे दुखणे यांचा संबंध मोठ्या पाहणीत आढळलेला नाही.

एवढे म्हटल्यावर एका धोक्याविषयी बोलले पाहिजे, कारण माझाच पक्ष आंधळेपणाने स्वीकारला तर तो घात करील. सगळीच बाजूची दुखणी कंडरेची नसतात. जांघेत दुखते, पायमोजे घालायला किंवा पायाची नखे काढायला वाकता येत नाही, तर सांधा पाहावा. त्यात वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा दारू असेल तर खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरत नाही ना, हे आधी पाहावे. कंबरेतून आलेली कळही इथे उतरते. उलटही घडते: अमेरिकेत कंबरेच्या तज्ज्ञांकडे पाठवलेल्या २५२ रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांचे दुखणे खुब्याच्या बाजूचे निघाले. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आहे' असे ऐकून पट्टा बांधून बसलेल्यांत असे किती असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आणि खरा बर्सायटिसही असतो. संधिवातात असतो, पू झाल्यावर असतो, आणि क्षयरोगात असतो. ही शेवटची गोष्ट पाश्चात्य लेखांत तळटीपेत जाते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा जिथे आहे त्या देशात ती तळटीपेत ठेवता येणार नाही. या उंचवट्याचा आणि पिशवीचा क्षय दुर्मीळ आहे, पण तो महिनोन्महिने मुकाट वाढतो. बाजूला हाताला लागणारा फुगवटा, जो फारसा गरम नाही आणि फारसा दुखतही नाही, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन, कधी न भरणारी, वाहणारी जखम. अशा ठिकाणी साध्या एक्स-रेत उंचवट्याची कड कुरतडलेली दिसू शकते. इथे 'पिशवी सुजली' हे निदान शब्दशः बरोबर असते, आणि त्यावर स्टेरॉइड टोचणे हा अनर्थ असतो. म्हणजे ज्यांच्यात पिशवी खरोखर सुजलेली असते त्यांना ते इंजेक्शन धोक्याचे, आणि ज्यांच्यात ती सुजलेली नसते त्यांना ते तात्पुरते. पूर्वपक्षाची याहून मोठी पंचाईत मला सुचत नाही.

मग इंजेक्शन कधीच नको का? हा प्रश्न माझ्याशी सहमत असणारेही विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठ आठवडे फिजिओथेरपिस्टकडे जा म्हणणे सोपे. तिची एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. दुखण्याने रात्र रात्र झोप नाही, उभेच राहता येत नाही, तर व्यायाम करणार कशाच्या बळावर? तिथे एक इंजेक्शन द्यायला माझी ना नाही. मात्र मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, हे आधी सांगावे आणि तपासावे. आपल्याकडे पन्नाशीच्या रुग्णाला हा प्रश्न विचारायचा राहून जाणे माफ करण्याजोगे नाही. तीन-चार महिन्यांनी दुसरे, मग तिसरे, असा रतीब लावू नये. वारंवारच्या स्टेरॉइडने कंडरा कमकुवत होण्याची भीती खरी आहे. हजारो रुपये घेऊन दिल्या जाणाऱ्या पीआरपीचे, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचे, निकाल परस्परविरोधी आहेत. एका चाचणीत ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले, दुसरीत मिठाच्या पाण्यापेक्षा वेगळे ठरले नाही. पिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली तर कंडरा फाटली आहे का आणि ती शिवणार आहात का, हे शल्यविशारदाला विचारावे.

आणि इंजेक्शन दिलेच, तर त्याच भेटीत त्या बाईला उशी कुठे घ्यायची ते दाखवावे, ओट्यापाशी दोन्ही पायांवर कसे उभे राहायचे ते दाखवावे, आणि कंबर उचलण्याचा एक व्यायाम तिथल्याच टेबलावर करून घ्यावा. सुईने मिळणारा महिना-दीड महिना त्याच्याचसाठी आहे.